जुना ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा एअर धरतो: हवा नेमकी कुठून शिरते ते कसं शोधायचं

एअर धरणं म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरणं. लक्षण ओळखीचं आहे. ट्रॅक्टर सकाळी एका सेल्फात सुरू होतो, थोडा वेळ बरा चालतो, मग रेस आपोआप खाली-वर व्हायला लागते, ओढ जाते आणि इंजिन बंद पडतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला की आधी फेस येतो, मग नितळ डिझेल. स्क्रू आवळला की ट्रॅक्टर पुन्हा तयार. दोन-चार दिवसांनी परत तेच. उसाच्या हंगामात मागे दोन भरलेले ट्रेलर असताना चढावर हे झालं, तर सगळा रस्ता अडतो.

सोलापूर जिल्ह्यात जुन्या महिंद्रा, स्वराज ७३५, मॅसी १०३५, एचएमटी, फोर्ड, एस्कॉर्ट अशा गाड्या अजून पेरणीला, पाण्याच्या टँकरला, कडब्याच्या वाहतुकीला रोज जुंपल्या जातात. या दुखण्यापुरता त्यांच्यात फारसा फरक नाही, कारण डिझेलची वाट सगळ्यांची सारखीच आहे: टाकी, कॉक, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप), दोन फिल्टर, मोठा पंप (नोझलना जोराच्या दाबानं डिझेल देणारा), नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं).

हवा काढून ट्रॅक्टर सुरू करून देणारा मिस्त्री गावोगाव मिळतो. पण हवा आत यायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, कुठंतरी बारीक फट. दुसरी, त्या फटीतून हवा ओढली जाईल असा ताण. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांची टाकी इंजिनच्या वर असते. म्हणजे डिझेल आपल्याच वजनानं फीड पंपापर्यंत उतरतं आणि नुसती फट असेल तर तिथून डिझेल ठिबकेल, हवा शिरणार नाही. टाकीच्या जाळीत कचरा अडकला, टोपणाचं भोक बुजलं किंवा नळी आतून आवळली गेली की फीड पंपाला डिझेल ओढून घ्यावं लागतं आणि मग तीच फट हवा पिते. म्हणून नुसते जॉइंट आवळून दुखणं आठवडाभर थांबतं आणि परत येतं. फट आणि अडथळा, दोन्ही शोधायचे.

पाना हातात घेण्याआधी

टाकीत डिझेल किती असताना त्रास होतो ते आठवा. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर दिवसभर चालतो आणि अर्ध्याच्या खाली आल्यावर बंद पडतो, असं असेल तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यातच आहे. भरलेल्या टाकीच्या दाबानं तो झाकला जातो, इतकंच.

बंद पडल्या पडल्या टाकीचं टोपण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर टोपणाचं श्वासाचं भोक बुजलेलं आहे. काळ्या रानातली धूळ आणि डिझेल मिळून तिथं पक्का थर बसतो. तारेनं भोक मोकळं करा, टोपण डिझेलमध्ये धुवा. टोपण हरवलं म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावलेल्या टाक्याही दिसतात. तिथंही हेच होतं, वर पावसाचं पाणी आत जातं ते वेगळं.

स्टॉपची वायर पूर्ण मागे जाते का तेही बघून घ्या. गंजलेली वायर अर्ध्यावर अटकली की पंपाचा स्टॉप लिव्हर थोडा ओढलेलाच राहतो, ओढ जाते आणि संशय हवेवर येतो. लिव्हर हातानं मागे-पुढे करून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

उन्हाळ्यात आणखी एक मत ऐकू येतं, की सोलापूरच्या उन्हानं पाइपातलं डिझेल उडून जातं आणि म्हणून एअर होते. पारा बेचाळीसच्या वर गेला तरी तेवढ्यानं डिझेल उकळत नाही. त्याची उकळी १६० अंशांच्या पुढंच सुरू होते. ऊन नळ्या मात्र खातं. रबर कडक होतं, क्लिपखाली चिरतं, आणि तिथून हवा येते.

डब्याची चाचणी

अंदाजानं पार्ट बदलत बसण्यापेक्षा ही चाचणी एकदा करा. पाच लिटरचा स्वच्छ डबा, दीड-दोन मीटर डिझेलला टिकणारी नवी नळी, दोन क्लिपा, आणि वीतभर पारदर्शक नळी, एवढं सामान पुरतं.

टाकीचा कॉक बंद करा. फीड पंपाकडे येणारी नळी सोडा आणि तिथं डब्यातून येणारी नवी नळी जोडा. डबा टाकीच्या उंचीवर, हलणार नाही असा बांधा, सायलेन्सरपासून लांब. फीड पंपातून फिल्टरकडे जाणाऱ्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा घाला. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, म्हणून तुकड्याच्या दोन्ही टोकांना क्लिपा नीट आवळा. हवा काढून ट्रॅक्टर सुरू करा आणि मधली रेस ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या.

सुरुवातीला थोडे बुडबुडे दिसतील, ते राहिलेल्या हवेचे. पाच मिनिटांत थांबायला हवेत. थांबले आणि ट्रॅक्टर नीट चालला, तर मोठा पंप, फिल्टर, फीड पंप सगळे सुटले. गुन्हेगार टाकी, कॉक किंवा मधली नळी. डब्यावरही बुडबुडे येतच राहिले, तर फीड पंप किंवा त्याच्या तोंडाचे जॉइंट. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही आणि तरीही इंजिन बंद पडतं, तर दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे, आणि तो बहुतेक वेळा हवेचा नसतोच.

ओढीच्या बाजूचा नेमका जॉइंट सापडत नसेल तर एकेका जॉइंटवर जाड ग्रीस चोपडा. ग्रीस लावल्यावर बुडबुडे थांबले की जागा मिळाली. ही फक्त शोधायची युक्ती. ग्रीस पुसून जॉइंट दुरुस्त करायचाच.

दाबाच्या बाजूला, म्हणजे फीड पंपापासून पुढे, उलटा हिशोब. तिथं फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येतं. सगळं पुसून कोरडं करा, रात्री ट्रॅक्टर उभा करताना खाली पुठ्ठा टाका आणि सकाळी थेंब कुठं पडलेत ते बघा.

बहुतेक वेळा सापडणारे दोषी

पहिला नंबर तांब्याच्या वायसरांचा. बँजो म्हणजे पाइपाच्या टोकाचं गोल कडं, आणि त्यातून जाणारा पोकळ बोल्ट म्हणजे बँजो बोल्ट. बँजो बोल्टच्या डोक्याखाली एक आणि बँजोच्या खाली एक, असे प्रत्येक जागी दोन वायसर असतात. एकदा आवळलेलं तांबं दबून कडक होतं. पुढच्या वेळी तेच वायसर परत टाकून पाना कितीही मारला तरी ते बसत नाही, उलट बोल्टचे आटे ओढले जातात. नवे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जुने गॅसवर किंवा ब्लोटॉर्चवर लालबुंद तापवा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू आठाच्या आकारात घासून काढा, ओरखडा दिसता कामा नये. बँजोची बसण्याची जागाही नखानं तपासा. तिथं खाच असेल तर नवा वायसरही हरतो. अ‍ॅल्युमिनियमचे वायसर एकदाच वापरायचे.

टेफ्लॉन टेप इथं चालत नाही. बँजो बोल्टला आटे सील करत नाहीत, वायसर करतो. टेपचा धागा सुटून पुढं गेला तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये नाहीतर रोटरी पंपाच्या आत जाऊन बसतो. एम-सीलचा गोळा रानातून घरी यायला ठीक.

दुसरा, फिल्टरच्या वाटीचं गोल रबर. नवा फिल्टर टाकताना जुनं रबर वरच्या झाकणाच्या खोबणीत चिकटून राहतं, त्यावरच नवं बसवलं जातं, आणि दोन रबरांच्या मधून गळती सुरू होते. खोबणीत टोकदार लाकडी काडी फिरवून जुनं रबर निघालं का ते बघा. स्क्रू ड्रायव्हर नको, खोबणीला ओरखडा पडतो. मधल्या लांब बोल्टचं वायसरही नवंच टाका. ते बदलायचं सर्रास राहून जातं. वाटी पुसायला टॉवेलचा तुकडा घेऊ नका. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही हे खरं, पण त्याचे तंतू वाटीत राहतात. स्वच्छ डिझेलनं खळखळून वाटी उपडी निथळू द्या.

दोन वाट्यांच्या संचात पहिल्या वाटीत कपड्याचा आणि दुसरीत कागदाचा फिल्टर असतो. अदलाबदल झाली तर कागद लवकर चोंदतो. कागदाचा फिल्टर हवेनं मारून परत टाकायची काटकसर करू नका. कागद बारीक फाटतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि घाण सरळ पंपात जाते. जुन्या गाड्यांचे अवर मीटर बंदच असतात, त्यामुळे तासांचा हिशोब सोडा आणि दसऱ्याच्या सुमारास, ऊस सुरू होण्याआधी, दोन्ही फिल्टर बदला.

तिसरा, टाकीच्या आतली जाळी. कॉक काढला की त्याच्या नळीवर ती असते. गंजाचे पापुद्रे, पाला, डब्याच्या टोपणाचा प्लास्टिकचा कीस, कधी काळसर गिलगिलीत थर. हा थर टाकीच्या तळाशी पाणी साठून त्यात वाढलेल्या जंतूंचा असतो. हलक्या कामाला ट्रॅक्टर चालतो आणि नांगर लावला की मरतो, याचं मुख्य कारण ही जाळी. टाकी पूर्ण रिकामी करा, दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल टाकून हलवून काढा, निथळ नितळ येईपर्यंत परत करा. पाण्यानं धुऊ नका. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर नळी फीड पंपापासून सोडून, टोपण उघडं ठेवून, इंजिनकडून टाकीकडे मारा. टाकीला भोक पडलेलं असेल तर वेल्डिंगची घाई करू नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेचा स्फोट होतो. हे काम टाकी आधी गरम पाणी-सोड्यानं धुऊन, पूर्ण निथळून घेणाऱ्या माणसाकडेच द्या.

चौथा, नळी. पारदर्शक साधी पाण्याची नळी डिझेलमध्ये काही दिवसांतच पिवळी आणि लाकडासारखी कडक होते. चाचणीला ठीक, कायमची नको. नळीचा आतला व्यास जुन्याएवढाच घ्या. सैल नळी क्लिपनं दाबून बसवली की चुणी पडते आणि त्या चुणीतूनच हवा जाते. लोखंडी पाइप असेल तर तो जिथं पत्र्याला घासतो आणि जिथं क्लिपमध्ये धरलेला आहे तिथं पुसून निरखा, केसाएवढी चीर तिथंच असते. पितळी ऑलिव्ह (पाइपाच्या टोकावर नटाखाली दबणारं छोटं कडं) जास्त आवळून चपटा झाला असेल तर तो बदला. आणखी आवळून फायदा नाही.

फीड पंप

मायको कंपनीच्या लाइन पंपावर (पंपाचा प्रकार कसा ओळखायचा ते पुढं आहे) फीड पंप मोठ्या पंपाच्या अंगावरच असतो, वर हातपंपाची मूठ. हवा काढून झाल्यावर ती मूठ दाबून पूर्ण फिरवून बंद करायची असते. उघडी राहिली की तिच्या दट्ट्यामधून हवा जाते. दट्ट्याचं रबर झिजलं तर बंद करूनही जाते. तपासणी सोपी: आत येणारी नळी काढा, भोकावर अंगठा ठेवा, मूठ वर ओढा. अंगठा आत खेचला गेला पाहिजे आणि काही क्षण तसाच धरून राहिला पाहिजे. खेच येत नसेल तर आतले दोन छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा बघा. त्यांच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण पुरतो. फीड पंपाचं किट मिळतं, अख्खा पंप घ्यायची गरज क्वचित पडते. खाली काचेची किंवा पत्र्याची वाटी असेल तर तिची जाळी आणि रबरही त्याच वेळी बघा.

मॅसीसारख्या गाड्यांवर इंजिनच्या बाजूला पडद्याचा फीड पंप असतो, हातानं मारायला छोटा लिव्हर. कधी लिव्हर मारून हाताला काहीच लागत नाही आणि डिझेल येत नाही. पंप गेला असं लगेच समजू नका. इंजिन अशा जागी थांबलंय की कॅमनं पडदा आधीच ओढून धरलाय. इंजिन एक फेरा फिरवा आणि परत लिव्हर मारा. पडदा फाटला असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, ऑइल पातळ आणि डिझेलच्या वासाचं झालं, तर ट्रॅक्टर चालवू नका. पडदा आणि ऑइल दोन्ही बदला.

हवा काढायचा क्रम

आधी पंप ओळखा. नोझलचे पाइप एका ओळीत वरच्या बाजूनं निघत असतील तर लाइन पंप. एका गोल डोक्याभोवतीनं निघत असतील तर रोटरी, जुन्या गाड्यांवर बहुधा सी.ए.व्ही. कंपनीचा डीपीए नावाचा पंप.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, स्टॉप आत ढकललेला, रेस पूर्ण. टाकी निम्म्याच्या वर भरलेली असावी. पहिल्या वाटीचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे संपून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरी वाटी, तसंच. मग पंपावरचा स्क्रू.

डीपीए पंपावर स्क्रू दोन असतात. आधी पंपाच्या बाजूला, डोक्याजवळचा. नंतर वर गव्हर्नरच्या, म्हणजे रेस सांभाळणाऱ्या भागाच्या, झाकणावरचा. वरच्यापासून सुरुवात केली की हवा आत राहते आणि ट्रॅक्टर पाच मिनिटांत परत बंद पडतो. झाकणावरचा हा स्क्रू अगदी लहान असतो, जोरानं आवळून मोडला तर मोठं काम निघतं.

शेवटी नोझलकडचे पाइपाचे नट अर्धा ते एक फेरा सैल करून सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मग निदान अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. नटांजवळून फुर्रफुर्र डिझेल यायला लागलं की एकेक आवळा. चालू इंजिनवर या पाइपांची गळती बोटानं चाचपू नका. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. वरून टोचल्याएवढंच दिसतं, आत मांस सडतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

हवेसारखं दिसणारं, पण हवा नसलेलं

ट्रॅक्टर थंडा असताना लगेच सुरू होतो, तासभर काम करून बंद केला की निवेपर्यंत सुरू होत नाही, हातपंप मारून फेस येत नाही: रोटरी पंपावर हे दिसलं तर पंपाचं डोकं आणि रोटर झिजलंय. गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतूनच परत जातं. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं ठेवून तो निवू द्या. मग सुरू झाला तर निदान पक्कं. इथं वायसर बदलून काही होणार नाही, पंपवाल्याकडे बेंचवर न्यावाच लागेल. डीपीएला स्वतःचं वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. म्हणून पाणी आलेलं डिझेल त्याला लाइन पंपापेक्षा लवकर मारतं.

एकाच नोझलच्या पाइपात वारंवार हवा सापडत असेल तर टाकीकडे जाऊ नका. त्या नोझलची सुई उघडी अटकली आणि पंपातला डिलिव्हरी व्हॉल्व्हही (पाइपातलं डिझेल मागे येऊ न देणारा) धरत नसेल, तर सिलिंडरमधला वायू उलटा पाइपात शिरतो. नोझल काढून टेस्टरवर बघा.

पार्ट आणताना

दुकानात ‘महिंद्राचा फीड पंप द्या’ म्हणून जाऊ नका. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप आले आहेत. मोठ्या पंपाच्या अंगावर नंबराची पट्टी असते. ती डिझेलनं पुसून फोटो काढा. नोझलच्या अंगावरही नंबर कोरलेला असतो, डी.एल.एल.ए. असा काहीतरी. इंजिन नंबर सोबत ठेवा आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून न्या.

मायको म्हणजे आताची बॉश. नाव २००८ मध्ये बदललं, त्यामुळे जुना पार्ट मायकोचा आणि नवा डबा बॉशचा दिसला तर बिचकायचं कारण नाही. सी.ए.व्ही.चा माल पुढं लुकास आणि मग डेल्फाय या नावांनी आला.

एचएमटीवाल्यांची चिंता जरा वेगळी. हरियाणातला पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि पत्र्याचे, गिअरचे पार्ट शोधायला भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. डिझेलच्या वाटेचं मात्र तसं नाही. ट्रॅक्टरची कंपनी गेली तरी पंपाची कंपनी चालू आहे, आणि फिल्टर, वायसर, फीड पंप किट, नोझल हे सगळं पंप-नोझलच्या दुकानात नंबरावर मिळतं. सोलापूर शहरात जाणारच असाल तर ट्रॅक्टरच्या शोरूमपेक्षा आधी पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे (पंप बेंचवर तपासून जुळवून देणाऱ्याकडे) चौकशी करा.

आट्यांकडे लक्ष द्या. सी.ए.व्ही.च्या जुन्या फिल्टर आणि पंपांचे आटे बरेचदा इंची असतात, मायकोचे मिलिमीटरचे. १४ मिलिमीटरचा बोल्ट किंवा त्याच्या जवळचा इंची बोल्ट चुकीच्या भोकात दोन आटे जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि तिसऱ्या आट्याला अ‍ॅल्युमिनियमचं झाकण खातो. नवा बोल्ट हातानं, पान्याशिवाय, शेवटपर्यंत गेला पाहिजे.

स्वस्त फिल्टर वरून ओळखता येतो. कागदाच्या घड्या असमान, टोकाचा डिंक सांडलेला, रबर बोटानं दाबल्यावर परत न येणारं. त्यात वाचणारे पैसे पंपाच्या दुरुस्तीत कितीतरी पट जातात. वायसर मात्र लोकलही चालतात, फक्त जाडी सारखी आणि कड साफ हवी. प्रत्येक मापाचे डझनभर घेऊन टूल बॉक्समध्ये ठेवा. सोबत फिल्टरची दोन रबरं, हातभर डिझेलची नळी, चार क्लिपा आणि आपल्या पंपाच्या स्क्रूला बसणारा पाना.